कुत्र्याच्या पिक्चरचा शेवट

ताईकडे मी दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते. तिला दिवस गेलेले, सारखी चक्कर, दाजी सकाळी जे खात्यात जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे, तेव्हा घरात कुणीतरी हवं म्हणून आईनं मला पारोळ्याहून सुरतेच्या गाडीत बसवून दिलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती, त्यालाही तीन वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे पाठवायला घरात मीच मोकळी. खातं म्हणजे लूमचा कारखाना, हा मी सुरतेत शिकलेला पहिला शब्द. नवागामातल्या आमच्या खोलीची मागची भिंत खात्याची भिंत होती. पलीकडे लूमचे संचे चालायचे आणि अलीकडे आमची भांडी वाजायची. तांब्यात पाणी ठेवलं तर त्याच्यावर बारीक रेघा उठत. भाकरी थापतानासुद्धा माझा हात त्या खटखटीच्या तालावर पडतो आहे असं एकदा माझ्या लक्षात आलं आणि मी उगीचच घाबरले. सुट्टीच्या दिवशी संचे थांबले की मात्र त्याहून जास्त भीती वाटायची. गावाकडे इतकी शांतता म्हणजे कुणीतरी गेलं, असं आम्हाला ठाऊक.

आल्या दिवशीच ताईनं मला समोर बसवून बजावलं होतं. "इथं आपलं गाव नाही. कुणाच्या घरचं खायचं नाही. दाजी कुठं कामाला, घरात काय आहे, कुणाला सांगायचं नाही. आणि कुणी फार गोड बोललं ना, तर तूच दोन पाऊल मागे सर." ताई सांगायची ते मी शाळेतल्या धड्यासारखं पाठ करायची. गल्लीतली शकूभाभी कचऱ्याची बादली घेऊन आमच्या दारावरून गेली तरी मला वाटे, ही आत बघते आहे. पाण्याच्या नळावर दोघी हळू बोलत असल्या तर माझ्याबद्दलच. गल्लीत माझ्याशी कुणी वाईट वागलं असं एकही उदाहरण आज आठवत नाही. पण भ्यायला उदाहरण लागत नाही.

आणि फार गोड बोलणारी अख्ख्या गल्लीत एकच होती, वत्सलामावशी. तिसऱ्या दाराची. तिचा नवरा, त्यांना सगळे बापू म्हणत, दम्यानं घरीच असायचे. त्यांचा खोकला संच्यांच्या आवाजातूनही ऐकू यायचा. घर चालायचं ते मावशीच्या कामावर. मार्केटमधल्या व्यापाऱ्याकडून साड्यांचे पोटले, म्हणजे गाठोडी, टेम्पोनं मावशीच्या ओट्यावर उतरायचे, मावशी ते गल्लीतल्या बायकांना वाटून द्यायची, आणि बायका दुपारभर तिच्याच ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, सुटलेले धागे कापायच्या. मीही जायला लागले. मावशी मला जवळ बसवून घ्यायची. "बस बेटा, दम खा," म्हणायची. बशीत चहा ओतून द्यायची. बाकीच्यांना कपात आणि मला बशीत, कारण मला गरम चालत नाही हे तिनं पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. मी चहा प्यायची आणि मनात म्हणायची, हिला माझ्याकडून काय पाहिजे असेल?

मला पिक्चर सांगता येतो हेही तिनंच शोधून काढलं. एकदा गावच्या यात्रेतल्या तंबूत पाहिलेल्या पिक्चरबद्दल मी काहीतरी बोलले आणि मावशी म्हणाली, "पहिल्यापासून सांग." मी सांगितला. दुसऱ्या दिवशी बायका माझी वाट पाहत होत्या. मग ते रोजचंच झालं. त्या कामाचा एक नियम मावशीनं लवकरच घालून दिला: मारामारी सुरू झाली की बायकांचे हात जोरात चालतात आणि टिकल्या वाकड्या बसतात, म्हणून मारामारी फक्त धागे कापताना सांगायची. टिकल्यांच्या वेळी गाणी, प्रेम, आईचं आजारपण. म्हणजे मारामारीच्या तोंडाशी येऊन मला थांबावं लागे आणि हिरोला दवाखान्यात आईकडे पाठवावं लागे, टिकल्या संपेपर्यंत. पिक्चर कसा रचलेला असतो हे मला असं कळलं, पुढचं मागे आणि मागचं पुढे करता करता.

कुत्र्याचा पिक्चर आम्ही उधन्याला पाहिला. तिथं राहणाऱ्या, दाजींच्या खात्यातल्या जोडीदारानं सुट्टीच्या दिवशी व्हीसीआर भाड्यानं आणला होता. त्या जातीचे पिक्चर मी पुढेही बरेच पाहिले, आणि आज नात मोबाईलवर बघते तेव्हा मी भाजी निवडता निवडता तिला पुढचं सांगते. ती चिडते. पण ते सगळे एकाच साच्यातले. इन्स्पेक्टर एकटा आणि तापट. वरचा साहेब त्याला जोडीला माणूस देण्याऐवजी कुत्रा देतो. इन्स्पेक्टर म्हणतो, हे माझ्या गाडीत बसणार नाही. कुत्रा बसतो, आणि वर सीट फाडतो. मग कुत्रा त्याचा बूट पळवतो, जेवण खातो, आणि एका गाण्यात दोघांची दोस्ती होते. दोस्ती झाली की समजायचं, आता काहीतरी वाईट होणार. होतंच. दाढीवाल्या चोराचा माल सापडत नाही, कुत्र्यानं चुकीचा वास धरला असा ठपका येतो, त्याला साखळीनं बांधून घेऊन जातात, तो मागे वळून बघतो, आणि इंटरव्हल. नंतर इन्स्पेक्टर संकटात, कुत्रा साखळी तोडून येतो, गोळी कुत्र्याला लागते. दवाखाना. कुत्रा वाचतो. मग बंदरावरचं गोदाम, लाकडी खोकी, आणि शेवट.

त्यात इन्स्पेक्टरचा एक शेजारी होता, चार-पाच वेळाच दिसणारा, कुत्र्याला बिस्कीट घालणारा. मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होते. हा काही कारण नसताना बिस्कीट का घालतो?

शेवट मी पाहिला नाही. गोदामाचं दार उघडतं तिथंच ताईला उलटी झाली, डोळे फिरले, आणि दाजींनी रिक्षा बोलावली. ताईला घरी आणून निजवलं. तिला बरं वाटलं, पण पिक्चर राहिला तो राहिला.

ओट्यावर मी तो तीन दुपारी सांगितला. बायका अशा रंगल्या की शकूभाभीनं दोनदा बोटाला गोंद लावून घेतला. कुत्र्याला साखळीनं बांधून नेलं तेव्हा तर धागे कापणंसुद्धा थांबलं. तिसऱ्या दुपारी गोदामाचं दार उघडलं आणि पुढं मला काहीच ठाऊक नव्हतं. "पाहिला नाही" एवढं म्हणायला हवं होतं. पण दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या गल्लीत माझ्याकडे असं कुणी, कशासाठीही बघितलेलं नव्हतं. मी म्हणाले, गोदाम रिकामं. मग इन्स्पेक्टर तिथं पडलेलं मालाच्या गाठोड्याचं फडकं कुत्र्याच्या नाकाला लावतो. कुत्रा निघतो, सगळा गाव ओलांडतो, आणि इन्स्पेक्टरच्याच गल्लीत येऊन शेजाऱ्याच्या दारात बसतो. खरा चोर तोच, पहिल्यापासून गोड बोलणारा. इन्स्पेक्टर थकून आला की तो काय म्हणायचा? "बस बेटा, दम खा."

बायका हसल्या नाहीत, चमकल्या. मावशी तेवढी म्हणाली, "अगं बाई!" आणि मान खाली घालून टिकली लावू लागली. ती वाकडी बसली हे मी पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात एक पोटला गेला. टेम्पोवाला कनुभाई म्हणाला, पाच उतरवले. मावशीकडे चार. ओटा, खाट, माळा, सगळं धुंडाळून झालं. कनुभाई डोकं खाजवत म्हणाला, "मौसी, पोटलो नथी मळतो तो हुं शुं करुं? शेठ काम बीजाने आपी देशे." चार दिवसांत सापडला नाही तर वाटपाचं काम मावशीकडून काढून दुसरीला देणार. दुसरी कोण हेही त्यानं सांगून टाकलं, शकूभाभी. मावशीचं वाटप गेलं तर बापूंचं औषध गेलं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

ते चार दिवस कसे गेले सांगता येत नाही. ज्या बायका एका ताटात ठेचा-भाकरी खात होत्या त्या आपापली खोली कडी लावून बसायला लागल्या. कुणी नवा ब्लाऊज घातला तर कापड निरखलं जाई. माझा संशय पहिला शकूभाभीवर, कारण फायदा तिचा. मग तिच्या नणंदेवर. ताईनं खाटेखाली कसलंसं गाठोडं सरकवताना पाहिलं तेव्हा सख्ख्या बहिणीवरसुद्धा. ती पाण्याला गेल्यावर मी ते सोडून पाहिलं, तर बाळासाठी शिवलेली टोपरी. ती तशीच बांधून ठेवली आणि दिवसभर ताईच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या चारांतल्या दुसऱ्या दिवशी दुपारी शकूभाभीनं हाक मारली. "मंगल, पिक्चरमधी कसं केलं होतं गं त्यानं? फडकं नाकाला लावलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

गल्लीत एक कुत्रा होता. काही न करता दिवसभर सावलीत पडून खायचा म्हणून त्याचं नाव शेठ. शकूभाभीनं त्याच लॉटमधल्या दुसऱ्या पोटल्याचं फडकं आणलं आणि त्याच्या तोंडापाशी धरलं. शेठनं आधी ते चाटलं, मग जांभई दिली. बायका हसल्या. "अवं, ह्याला सरकारी ट्रेनिंग नाही!" कुणीतरी म्हणालं. मग शेठ उठला, आळस दिला, आणि चालू लागला. पहिलं दार सोडलं. दुसरं सोडलं. तिसऱ्या दारात जाऊन बसला आणि शेपूट हलवू लागला.

हसणं थांबलं. आतून मावशी आली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता, त्याला घालायला आणलेला. तिनं आमच्याकडे बघितलं, शकूभाभीच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. तिलाही तो शेवट माहीत होता. तिनं तुकडा टाकला नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

ते फडकं मावशीच्याच ओट्यावर सुटलेलं, त्याला तिच्याच घराचा वास. कुत्रा रोज दुपारी तिच्याच दारात जायचा. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी पोर होते, घाबरले होते, असं आज लिहून सुटता येईल. पण खरं असं की माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, बघ, तुला पहिल्यापासून वाटतच होतं. एवढा चहा कुणी उगीच पाजतं का? ती अख्खी रात्र मी त्या कोपऱ्याचं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी बायका काम घेऊन शकूभाभीच्या ओट्यावर बसल्या होत्या. मावशीच्या घरातून बापू खोकत होते आणि बराच वेळ थांबतच नव्हते, आणि एकही बाई उठून गेली नाही. एरवी दोघी-तिघी धावल्या असत्या. माझ्याच्यानं ते ऐकवेना.

"मी तो शेवट पाहिलाच नव्हता," मी म्हणाले. "ताईला उलटी झाली, आम्ही निघून आलो. कुत्रा, फडकं, शेजारी, सगळं मी मनानं सांगितलं."

शकूभाभीनं कात्री खाली ठेवली. "आता काय पाजलं तिनं तुला? चहाच का सरबत?"

"खरंच सांगते, भाभी."

"मग तेव्हा खोटी होतीस का आता खोटी?"

मी उठून घरी आले. तिथं ताई माझ्यावर अहिराणीत तुटून पडली. राग आला की ती मराठी विसरायची. "कसाले बोलनीस वं? आते लोके म्हनतीन, पोटला आपलाच घरमां शे!" बाळ पोटात असताना इतकं ओरडू नये म्हणून मी तिच्या पाया पडू लागले, तशी ती आणखी ओरडली.

दाजी जेवत होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि कुत्रा मावशीच्या दारात बसला इथं आल्यावर त्यांना असं हसू फुटलं की घास नाकात गेला. पाणी पिऊन म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. कॅसेट आणतो. बघू द्या सगळ्यांना."

शेजाऱ्यांच्या एका भांडणासाठी व्हीसीआरचं भाडं आणि आपल्या एकुलत्या एका सुट्टीची झोप घालवणारा माणूस मी नंतर फार पाहिला नाही. टीव्ही शकूभाभीकडे होता, म्हणून पिक्चर तिच्याच घरी लागला. दाजी स्वतः मावशीच्या दारात गेले. "मावशी, चला. तुम्ही नाही आलात तर मी मशीन चालू करणार नाही." ती आली. उंबऱ्याशी बसली, भिंतीला टेकून, आमच्यात आणि बाहेर अशी. संचे बंद होते, त्यामुळे पिक्चरमधला शब्द न् शब्द ऐकू येत होता. बायका पिक्चर पाहत होत्या आणि मी बायकांना पाहत होते. माझ्या सांगण्यात कुठं काय जास्तीचं होतं ते त्यांना कळत होतं. आईचं आजारपण आलंच नाही तेव्हा दोघी-तिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं.

गोदामाचं दार उघडलं. आत माल होता, आणि मालापाशी पांढऱ्या बुटांचा तोच दाढीवाला, जो पहिल्या प्रसंगापासून चिरूट ओढत गडगडाटी हसत होता. कुत्र्यानं झेप घेतली, दाढीवाला खोक्यांवर पडला, बेड्या पडल्या. शेवटी बक्षीस समारंभ. बिस्कीटवाला शेजारी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत होता. तेवढंच त्याचं काम.

"एवढंच?" शकूभाभी म्हणाली. "हा चोर तर शेंबड्या पोरालापण पहिल्यापासून ठाऊक होता."

"मंगलचा शेवट चांगला होता," तिची नणंद म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी नाही, आणि मावशी नाही.

मग शकूभाभी हट्टानं म्हणाली, "पिक्चरचं जाऊ द्या. आपला कुत्रा तर गेलाच ना हिच्या दारात?"

बोलली ती माझी ताई. पोटावर हात ठेवून, खाटेवरून, जी कधी कुणाच्या भानगडीत पडत नसे. "अवं, ती रोज भाकर टाकस त्याले. मी उद्यापासून टाकसू, ते मन्हाकडे यी. मंग मी चोर का वं? उठ, पाह्य मन्ही खोली."

कुणी उठलं नाही. शकूभाभी टीव्हीवरचं कापड नीट करू लागली.

दुसऱ्या दिवशी कनुभाई टेम्पोसकट आला आणि पोटला मावशीच्या ओट्यावर टाकला. चुकून गोडादरा वस्तीतल्या दुसऱ्या वाटपवालीकडे उतरवून आला होता. "भूल थई गई, मौसी," म्हणाला, आणि पाणी मागितलं. मावशीनं पाणी दिलं. मला वाटलं होतं, आता रडारड होईल, माफी होईल. तसलं काही झालं नाही. शकूभाभी वाफवलेल्या डाळीच्या फुनक्यांची झाकलेली थाळी आणून ठेवून गेली, आणि दुपारी सगळ्या आपापल्या जुन्या जागी येऊन बसल्या. फक्त माझ्या जागी, मावशीच्या शेजारी, बसायला मला धीर होईना. मी ओट्याच्या टोकाला बसले.

बायका गेल्या तरी मी धागे गोळा करत रेंगाळले. मावशी साड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? खोटं रचलंस ते रचलंस. पण तो चोर माझ्यासारखा का बोलत होता?"

मी हातातले धागे खाली ठेवले. मग जे होतं ते सांगितलं. म्हटलं, "मावशी, मला तुमची भीती वाटायची."

"माझी?" ती घडी तशीच धरून राहिली. "शकू दिवसभर ओरडते, तिची नाही, आणि माझी?"

"आमच्या घरात कुणी असं बोलतच नाही. आई ओरडते, ताई ओरडते. ओरडतात तेव्हा कळतं, माझ्यावर काय रागावल्यात ते. तुम्ही गोड बोलता. मला कळतच नाही, तुमच्या मनात काय आहे."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही उठून आत जाईल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तिनं हातातली साडी उलगडली, एका कडेला बोट ठेवलं, आणि अशी ओरडली की आतून बापूंनी "काय झालं?" म्हणून विचारलं.

"ए भवाने! ही टिकली लावलीस का शेण थापलंस? काढ! काढून परत लाव, नाहीतर बोटं छाटून ठेवीन!"

मी टिकली काढली. मग सरकून तिच्याशेजारी बसले.

दोन महिन्यांसाठी आलेली मी पुढं तिथंच राहिले. त्यानंतर चार वर्षं, माझं लग्न होऊन मी त्या गल्लीतून निघेपर्यंत, तिनं मला एकदाही बेटा म्हटलं नाही. नव्या बायकांना वाटे, हिचं या पोरीशी काहीतरी वैर आहे. मला पिठाच्या गिरणीत उशीर झाला तर भवाने, पिक्चर लांबवला तर भवाने, तापात पडले तेव्हा उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता भवाने. मांडवात ताई रडली, शकूभाभी रडली, मीही रडायला लागले, तेव्हा गर्दीतून तिचा आवाज आला: "ए भवाने, काजळ फासू नको तोंडाला, फोटो काढायचाय!"

त्या फोटोत सगळ्यांचे डोळे सुजलेले आहेत. मी एकटी हसते आहे.